नंदूकाकांचा बाद माल

नंदूकाका शिवलकरांकडे गाणं ऐकायला गेलं, की गाणं सोडून बाकी सगळं ऐकायला मिळायचं.

मी पहिल्यांदा गेले ती अठ्ठ्याण्णव साली. आम्ही मारुती मंदिराजवळच्या त्या दुमजली इमारतीत राहायला आलो, त्याच आठवड्यात. सामान अजून खोक्यांत होतं. दारात एक उंच, किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी आमच्या दाराच्या फळीवर बोटाच्या पेराने तीनदा टकटक केलं, फळीला कान लावला आणि म्हणाले, "डाव्या अंगाला वाळवी आहे हो. मी शिवलकर, शेजारचा. तुम्ही अच्युतराव ऐकता ना?"

अच्युतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव लिहिलं तर तुम्ही हे वाचणं सोडून त्यांची भावगीतं गुणगुणायला लागाल. एवढंच सांगते, की त्यांचं गाणं रेडिओवर लागलं की माझी आई फोडणी थांबवायची. तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाणी अजून घरोघरी होती.

"ऐकते की," मी म्हटलं.

"मग संध्याकाळी या. जे तुम्ही कधी ऐकलं नाहीत ते ऐकवतो."

मी आणि मिलिंद, म्हणजे आमचे हे, दोघं गेलो. काकूंनी कोकमाचं सरबत दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी दवाखान्यात आत जाणाऱ्या पेशंटकडे बाहेर येणारा पेशंट पाहतो. नंदूकाकांनी कॅसेट लावली, हात वर केला आणि म्हणाले, "नाव सोडली तुझ्याच नावे. कान द्या, कान! टेक पहिला."

माझं आवडतं गाणं! मी डोळे मिटले. सतार वाजली, अच्युतरावांनी 'नाव सो' एवढं म्हटलं आणि खोकले.

"टेक दुसरा," काका म्हणाले.

दुसऱ्यात तबला आधी आला. तिसऱ्यात बाहेर कावळा ओरडला. चौथ्यात अच्युतराव 'तुझ्याच'च्या ऐवजी 'माझ्याच' म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. पाचव्यात कोणीतरी विचारलं, "चहा किती सांगू?" असं करत करत बारा झाले. बारानंतर काका एकदम "चौदावा" म्हणाले.

"आणि तेरावा?" मिलिंदने विचारलं.

काकांचा चेहरा पडला. "तेरावा नाही आपल्याकडे," ते म्हणाले. घरात कोणी गेलेलं माणूस असावं तसा तो स्वर.

असे आम्ही एकोणिसाव्यापर्यंत पोचलो. एकोणिसाव्यात गाणं जवळजवळ शेवटपर्यंत आलं आणि सतारीची तार तुटली. मग विसाव्याची सुरुवात झाली. सतार लागली, स्वर लागला, माझ्या अंगावर काटा आला आणि नंदूकाकांनी खटकन बटण दाबून मशीन बंद केलं.

"अहो! पुढचं?"

"पुढचं काय? ते बरोबर आलं. पास झालं. ते तुम्हाला कुठल्याही दुकानात मिळेल. पण हे," त्यांनी कॅसेट छातीशी धरली, "हे बाजारात नाही हो!"

त्यानंतर दोन दिवस मला गाण्याची पुढची ओळ डोक्यात आली की पाठोपाठ खोकला येत असे.

नंदूकाकांकडे अशा एकशे अकरा कॅसेट होत्या. सगळ्या अच्युतरावांच्या, आणि सगळ्या चुकलेल्या. मुंबईत कधीकाळी एक ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता, तो बंद पडला. तिथल्या एका जुन्या कामगाराने नको असलेली रिळं रद्दीत जाण्याआधी घरी नेली आणि कॅसेटवर उतरवून शौकिनांना पुरवायला सुरुवात केली. नंदूकाका त्या कामगाराला आदराने 'गिरगाववाले' म्हणत. मालाला मात्र ते 'बाद' म्हणत. "नवीन बाद आलाय," असं सांगताना त्यांचा चेहरा आंब्याची पहिली पेटी मुंबईला पाठवणाऱ्या बागायतदारासारखा फुलायचा.

काकूंनी आवरण्यासाठी म्हणून कपाट दिलं होतं. काकांनी त्यावर चिठ्ठ्या लावून वर्गवारी केली होती. खोकला, मोठा. खोकला, लहान. तबलजी उशिरा. तबलजी लवकर. शब्द विसरले. पाऊस. रागावले. सगळ्यात वरच्या कप्प्यात, मखमलीच्या पिशवीत, एकच कॅसेट होती. तिच्यावर लिहिलेलं होतं : शिंक, पंचमात.

"सुरात शिंकलेत!" काका सांगायचे. "दुसरा कोणी असता तर कुठेही शिंकला असता. हार्मोनियमवर पट्टी लावून बघा. बरोब्बर पंचम!"

एकदा आमच्याकडे पाहुणे आलेले असताना ते ही कॅसेट घेऊन आले. माझ्या मामेसासूबाईंनी ती शिंक चार वेळा ऐकली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या गृहस्थांना कोणा डॉक्टरला दाखवलंय का?"

गंमत अशी, की नंदूकाकांची नोकरीही बाद मालाचीच होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या रसाचे डबे भरणारा एक कारखाना होता. तिथे ते तपासनीस होते. एक बारीक सळी घेऊन ते रांगेतल्या प्रत्येक डब्याच्या डोक्यावर टिचकी मारत जात. चांगल्या डब्याचा आवाज टणक येतो, हवा राहिलेल्या डब्याचा भद्द येतो. भद्द आला की डबा बाजूला. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना कशावरही टिचकी मारल्याशिवाय चैन पडत नसे. नारळ, कलिंगड, माठ, पाण्याची टाकी. एकदा त्यांनी आमच्या घरमालकांच्या नव्या मोटारीवर पुढून मागून टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "गाडी छान आहे हो. फक्त उजवं दार बाद." घरमालक महिनाभर बोलले नाहीत. दीड महिन्याने ते दार निखळलं, तेव्हा पेढे घेऊन आले.

चूक झाली की अच्युतराव स्टुडिओत म्हणत, "पुन्हा घेऊ." हे दोन शब्द नंदूकाकांच्या जिभेवर असे बसले होते, की घरात, बाजारात, कुठेही चालू. चपलांचा डावा-उजवा घोटाळा झाला की पुन्हा घेऊ. रिक्षावाल्याला चुकीचा पत्ता सांगितला की पुन्हा घेऊ, आणि रिक्षा मारुती मंदिराच्या चौकात जिथून सुटली तिथे परत. एकदा ते आमच्याकडे सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला आले आणि उंबऱ्यात ठेचकाळले. "पुन्हा घेऊ," म्हणत जिना उतरून खाली गेले आणि नव्याने वर आले.

काकूंना हे शब्द डोक्यात जात. काकू म्हणजे ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सडेतोड बाई. "अगो, एकदा माझी भाकरी करपली," त्या मला सांगत होत्या, "तर हे ताटावर बसून म्हणतात, पुन्हा घेऊ! मी म्हटलं, तो अच्युतराव एकोणीसदा चुकलान तर त्याची पूजा करता, आणि माझी एक करपली तर ती पुन्हा? नाय घेत, जा! खाल्लीन मग निमूट. वर म्हणतात कसे, जरा राखायला हवी होती गो, पहिलाच टेक होता."

हे सगळं एकट्या नंदूकाकांचं खूळ असेल असं मला वाटत होतं. पण नाही. या बादवाल्यांची महाराष्ट्रभर एक बिरादरी होती. नागपूरला एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे फक्त 'पाऊस' होता. इंदूरच्या एका बाई अच्युतराव स्टुडिओत काय काय खात ते आवाजावरून ओळखत. यांची आपसांत देवाणघेवाण चाले, तीही मालाच्या बदल्यात माल. मे महिन्यात काका भाव खात, कारण कॅसेटबरोबर ते हापूस पाठवू शकत. एका चांगल्या ठसक्याला दोन डझन.

आणि सांगलीला एक वकीलसाहेब होते. ते नंदूकाकांचे पक्के वैरी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. सगळं भांडण पोस्टकार्डावर. नंदूकाका कार्ड टाकायच्या आधी मला वाचून दाखवत, कारण मी शाळेत मराठी शिकवत असे. "सप्रेम नमस्कार. चौदाव्या टेकमधली आपली उबळ पोचली. अर्धीच आहे. उरलेली धाडण्याची तसदी घ्यावी." वकीलसाहेबांचं म्हणणं होतं, की 'नाव सोडली'चा तेरावा टेक मुळात नाहीच. स्टुडिओवाले तेरा आकडा अशुभ म्हणून गाळतात. यावर नंदूकाकांनी उलट टपाली विचारलं होतं, की मग माणूस गेल्यावर वकीलसाहेबांच्या सांगलीत तेराव्याचं जेवण चौदाव्याला घालतात काय?

तीन वर्षं हे चाललं. मग एका सप्टेंबरात गिरगाववाल्यांचं पत्र आलं. नंदूकाका ते हातात धरून जिन्यातच ओरडायला लागले. मी वह्या तपासत होते, ती पेन हातात घेऊनच बाहेर आले.

"आहे! तेरावा आहे! त्या दिवशी बारानंतर रीळ बदललं होतं. तेरावा टेक एकटाच एका वेगळ्या रिळावर होता. ते रीळ गोविंदा नावाचा तिथला माणूस घेऊन गेला. तानपुरे उचलायचा, रिळं लावायचा. आता वेळणेश्वरला गावी असतो, म्हणे. जायचं!"

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी आम्ही निघालो. मला काकूंनीच बरोबर धाडलं. "तू जा गो. एकटे गेले तर देवळातल्या सगळ्या घंटांवर टिचक्या मारत बसतील." एसटीने जयगड, तिथून तरीत बसून खाडीपार, पलीकडून पुन्हा एसटी. काकांच्या खांद्याला पिशवी होती. तिच्यात लिंबाचं लोणचं, दशम्या, टेप जोडायची चिकटपट्टी, आणि बाजारात मिळणारी अच्युतरावांची अस्सल, पास झालेली कॅसेट. ती कशाला, तर तेरावा खरा आहे की कोणी नकली बनवलाय ते ताडून पाहायला.

गोविंदतात्यांचं घर देवळापासून वरच्या अंगाला होतं. सत्तरी पार केलेला, लुकलुकत्या डोळ्यांचा म्हातारा. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून तो इतका हसला, की त्याची बायको आतून बघायला आली.

"आहे तर, आहे," तात्या म्हणाले. "अच्युतरावांनी माझ्याच हातात दिलंन ते. म्हणालान, गोविंदा, हे जाताना समुद्रात टाक. मी म्हटलं, एवढी चांगली टेप टाकायची कशाला? ठेवली. एवढी वर्षं माळ्यावर होती. यंदाच उपयोगाला आली बघा."

"उपयोगाला?" काकांचा आवाज चिरकला. "कुठे आहे?"

"ती काय."

तात्यांनी अंगणाच्या खाली बोट दाखवलं. खाली भाताचं पिवळं शेत होतं, कापणीला आलेलं. शेतात जागोजाग काठ्या रोवल्या होत्या, आणि काठीपासून काठीपर्यंत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एक चकचकीत तपकिरी फीत ताणून बांधली होती. समुद्रावरून वारा आला की ती थरथरायची आणि घूं घूं असा आवाज यायचा.

"पाखरांना," तात्या म्हणाले. "पोपट फार आहेत. पण पंधरा दिवस झाले, एक फिरकला नाही. चांगला आवाज आहे अच्युतरावांचा."

नंदूकाका बांधावर खाली बसले. मला वाटलं त्यांना भोवळ आली. मी पाणी पुढे केलं. ते शेताकडे बघत पुटपुटले, "अख्खा तेरावा टेक. उन्हात."

मग ते एकदम उठले, धोतराचा काचा मारावा तशी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि शेताकडे धावत सुटले. तात्यांची बायको त्यांच्यापेक्षा जोरात धावली आणि आडवी उभी राहिली.

"हात लावू नका हां! कापणीला चार दिवस आहेत. टेप काढलीत तर पोपट काय ठेवतील आम्हाला? पेंढा?"

"अहो बाई, पण यात अच्युतराव आहेत!"

"असू देत. चार दिवस राहतील आणखी. जेवायला मागत नाहीत."

पुढची पंधरा मिनिटं तह चालला. काकांनी लोणचं देऊ केलं, पुढच्या मेमधले हापूस देऊ केले, चार दिवस स्वतः शेतात उभं राहून हाकारे घालायची तयारी दाखवली. बाई ढळेनात. शेवटी काकांचं लक्ष स्वतःच्या पिशवीकडे गेलं. त्यांनी ती अस्सल, पास झालेली कॅसेट बाहेर काढली, माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं, ते कॅसेटमध्ये घातलं आणि भराभर आतली टेप ओढून काढायला लागले.

"काका! अहो, त्यात पूर्ण गाणं आहे!"

"बरोबर गाणं आहे. पोपटांना बरोबरच लागतं. हे बाजारात मिळतं."

तात्यांच्या बायकोने टेप चिमटीत धरून पाहिली. "बारीक आहे, पण लांब आहे," त्या म्हणाल्या, आणि तह झाला.

माळ्यावर रिळाची मूळ पत्र्याची चकती होतीच. ती मी धरून उभी राहिले. काका काठीकाठीने टेप सोडवत, दोन बोटांत नवजात पोराला धरावं तशी ती धरत चिखलातून मागे मागे येत होते, आणि मी चकती फिरवत होते. मागून तात्या पास झालेलं गाणं काठ्यांना बांधत येत होते. वाडीतली माणसं बांधावर जमली. एक आजी काठी टेकत थेट काकांजवळ आल्या.

"टेलिफोनवाले ना तुम्ही? तीन वर्षं झाली अर्ज देऊन. आमच्याकडे कधी लागणार?"

"एवढं अच्युतरावांशी बोलणं झालं की लगेच, आजी," काका म्हणाले आणि त्याच क्षणी पाय घसरून चिखलात बसले. पण हात वर. टेपला थेंब लागू दिला नाही. बसल्या बसल्याच म्हणाले, "पुन्हा घेऊ."

मी हसून हसून चकतीसकट बांधावर टेकले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात आनंदाची दुपार असेल, असं मी आजही म्हणते आणि मिलिंद दरवेळी विचारतो, "आणि लग्नाची?"

घरी आल्यावर काकांनी आठवडाभर रजा घेतली. काकूंच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा घेऊन टेप वीत वीत पुसली. जिथे गाठी मारल्या होत्या तिथे कापून जोडली. दुबईहून परतलेल्या एका खलाशाकडून घेतलेलं रिळांचं जुनं मशीन त्यांच्याकडे होतं, ते उघडून तेलपाणी केलं. आणि रविवारी सकाळी दहा वाजता मला हाक मारली. काकू स्वयंपाकघराच्या दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

मशीन चालू झालं. आतून कोणीतरी अगम्य भाषेत मोठमोठ्याने ओढून बोलायला लागलं.

"हा कुठला अच्युतराव?" काकू म्हणाल्या. "हा रशियातला दिसतो."

टेप उलट्या बाजूने गुंडाळली गेली होती. माझीच करामत. काकांनी न रागावता ती पुन्हा सुलट गुंडाळली. या वेळी नीट लागलं.

खरखर होती. मधेमधे आवाज बुडत होता. "तेरा," असं कोणीतरी म्हणालं. सतार लागली. अच्युतराव गायला लागले, 'नाव सोडली'पर्यंत आले, आणि आवाज फाटला. सतार थांबली. काका हात वर करून वाट बघत होते, आता ते नेहमीचे दोन शब्द येतील.

ते आले नाहीत. बराच वेळ काही नाही. मग अच्युतराव बोलले. गाण्यातला नव्हे, साधा, दमलेल्या माणसाचा आवाज.

"नाही जमत मला. आज नाही आणि उद्याही नाही जमणार. मी घरी जातो."

खुर्ची सरकली. कोणीतरी म्हणालं, "अच्युतराव, जरा बसा. पाणी घ्या. घाई नाही कोणाला." मग पुन्हा शांतता. कपात चमचा फिरल्याचा आवाज. दूर कुठेतरी दार लागलं, मला वाटलं, गेले. आणि मग अगदी हळू, जवळजवळ ऐकू न येणारं, "बरं. थांबतो."

टेप संपून चकती फटक फटक फिरत राहिली.

मी नंदूकाकांकडे पाहिलं. हा टेक सगळ्या बादांचा राजा होता. नागपूर, इंदूर सगळीकडे खळबळ उडाली असती. सांगलीचे वकीलसाहेब आडवे झाले असते. काकांनी मशीन बंद केलं, टेबलाच्या खणातून एक पोस्टकार्ड काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मग सवयीने माझ्या हातात दिलं.

"सप्रेम नमस्कार. बराच शोध घेतला. तेरावा टेक नाही. आपलंच खरं. कळावे."

"काका, हे काय?"

"टाकून दे सांगितलं होतं त्यांनी," काका म्हणाले. "खोकणं वेगळं, शिंकणं वेगळं. हे कोणाला ऐकवायचं नाही."

बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला. ते रडत होते. नाक वर ओढत, मुलासारखे. काकू शेंगांची परात बाजूला ठेवून बाहेर आल्या.

"अहो, काय झालं? तो थांबलान ना शेवटी? मग तुम्ही कशाला रडता?"

"मी थांबलो नाही," काका म्हणाले.

आम्हाला दोघींना काही कळलं नाही. काकांनी चष्मा सदऱ्याला पुसला, परत पुसला.

"बावीस वर्षांचा होतो. मुंबईला गेलो होतो, रेडिओच्या आवाजाच्या परीक्षेला. वर्षभर तयारी केली होती भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात बसून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. काचेपलीकडे तिघं बसले होते. पहिल्या ओळीला आवाज फाटला. त्यातले एक गृहस्थ उठून बाहेर आले. चांगले होते हो बिचारे. म्हणाले, पाणी प्या, पाच मिनिटं बसा, परत म्हणा. मी म्हटलं, नको, मी घरी जातो. आणि आलो निघून. घरी सांगितलं, परीक्षाच झाली नाही." त्यांनी मशीनच्या पत्र्यावर हलकेच टिचकी मारली. "मला वाटायचं, असं माझ्यासारखीच माणसं म्हणतात. मोठी माणसं चुकतात ते ठीक. पण घरी जातो असं म्हणत नसतील."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही गायचात?"

"लग्नाच्या आधी."

"एकतीस वर्षं झाली लग्नाला! मला एकदा बोलला नाहीत ते? म्हणून गणपतीत आरतीला नुसती झांज बडवता?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"त्या अच्युतरावाची शिंक पाठ झाली मला," काकू म्हणाल्या. "कुठल्या सुरात शिंकतो ते झोपेत सांगेन मी. आणि घरच्या माणसाचा आवाज ठाऊक नाय मला."

त्या आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग पाट घेऊन त्या बाहेर आल्या, तो काकांच्या समोर टाकला आणि पदर खोचून त्यावर बसल्या.

"म्हणा."

"आता? अगो, पस्तीस वर्षं झाली. आवाज कुठे राहिलाय?"

"असेल तेवढा म्हणा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. मी उठले, पोस्टकार्ड टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. माझ्यामागे काकूंनी दाराला आतून कडी घातली.

आमची आणि त्यांची स्वयंपाकघराकडची भिंत एकच, तीही एका विटेची. पलीकडे कोणी फोडणी दिली तर इकडे ठसका लागायचा. मी घरात पाय टाकते न टाकते, तोच पलीकडून एक स्वर आला. घोगरा, घाबरलेला. अर्ध्यावर येऊन थांबला. मग पुन्हा आला.

मी धावत ओट्यापाशी गेले, हाताला लागलं ते खोबरं मिक्सरमध्ये टाकलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. घरभर घरघर झाली. मिलिंद पेपर हातात घेऊन आला.

"वाटण कशाला? तू तर आज खिचडी टाकणार होतीस ना?"

"असू दे," मी ओरडून म्हटलं. "तू दुसरा नारळ फोडून दे."